उजवा कौल

माझ्या पळून जाण्याला लोक आयुष्यभर काम म्हणत आले, म्हणून मला इतकी वर्षं सुखाने पळता आलं. दारू पिऊन दगडी गडग्यावर पडलेला माणूस गावाला दिसतो. घरात भांडून निघून गेलेलाही दिसतो. पण घरात कुणी जरा गंभीर बोलायला बसलं की कोयती घेऊन घरामागच्या परड्यात जाणारा माणूस कुणाला दिसत नाही. तो कामसू ठरतो. आमच्या वाडीत माझ्याएवढा कामसू माणूस नाही, कुणालाही विचारा.

मी कलमं बांधतो, आंब्याची आणि काजूची. कुडाळ-मालवण रस्त्यापासून थोडं आत, उतारावर आमची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीखाली हजारो काळ्या पिशव्या रांगेने उभ्या असतात आणि त्यांत करण्यासारखं काम कधीच संपत नाही. माझ्यासारख्याला याहून सोयीची जागा सापडली नसती. कुणी ‘बस जरा, बोलायचंय’ म्हटलं की माझ्या हातांचे तळवे गार पडतात आणि समोरच्याचे ओठ हललेले दिसतात पण शब्द पोचत नाहीत. मग अचानक आठवतं की तिसऱ्या रांगेला पाणी राहिलंय. ते खरोखर राहिलेलं असतं, हीच तर गंमत. मी कधी खोटं कारण सांगून उठलो नाही. खरीच कारणं मुबलक होती.

तरुणपणी कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मुलाखतीला बोलावलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापर्यंत गेलो. पहारेकऱ्याने वही पुढे केली, नाव लिहा म्हणाला. मी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं आणि आलोच म्हणून परत फिरलो. घरी सांगितलं, जागा भरली. लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा चहा-पोहे यायच्या आतच मी त्यांच्या मागच्या परड्यात पोचलो होतो. तिथे एका हापूसच्या कलमाला गाठ आली होती, ती मी वाकून बघत बसलो. सासरे शोधत आले आणि मला तसं बसलेलं बघून भारावले. मुलगा कामाचा आहे, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. बायको अजून हा किस्सा पाहुण्यांना सांगते आणि सगळे हसतात. मीही हसतो. फक्त मला माहीत होतं की त्या दिवशी परड्याच्या पलीकडे कुंपण नसतं तर मी थेट मुख्य रस्ता गाठला असता.

हे सगळं सांगायला बरं वाटतं, कारण यात कुणाचं काही गेलं नाही. पुढचं सांगताना बरं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गावच्या शाळेत डोळे तपासणीचं शिबिर होतं. आईला मीच गाडीवरून सोडलं. आई तेव्हा सत्तरीला टेकलेली, पण ठणठणीत. सुईत दोरा स्वतः ओवायची, तांदूळ निवडताना आमच्या नजरेतून सुटलेला खडा काढून आमच्याच पुढ्यात ठेवायची. शिबिरात निव्वळ शेजारणी निघाल्या म्हणून ती निघाली. मी बाहेर व्हरांड्यात थांबलो. तासाभराने आई आली ती हातात एक कागद घेऊन. तिने तो माझ्याकडे दिला आणि म्हणाली, “वाच रे काय लिवल्यान ता. माझो चष्मो घराक रवलो.”

मी वाचला. दोन्ही डोळ्यांतला दाब वाढलेला, डाव्यात जास्त. काचबिंदूची शक्यता. पुढची तपासणी आणि उपचार पंधरा दिवसांच्या आत. पंधरा दिवसांच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या. आत जाऊन विचारावं म्हणून मी दारापर्यंत गेलो, तर तिथल्या डॉक्टर मान वर करून म्हणाल्या, “तुम्ही मुलगा ना? उशीर करू नका हं. यात गेलेली नजर परत येत नाही.”

तळवे गार पडले. मी हो हो म्हणालो आणि मागे फिरलो.

गाडीला किक मारताना आईने विचारलं, “काय म्हणता डॉक्टर?”

“मोती आसा,” मी म्हणालो. “अजून पिकाक नाय.”

मोतीबिंदू आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतो. तो पिकावा लागतो, मग काढतात, हे आजही म्हातारी माणसं धरून चालतात. हल्लीचे डॉक्टर पिकायची वाट बघत नाहीत, हे मला माहीत होतं. पण पिकणे हा शब्द माझ्या तोंडात आपसूक आला. मी आंब्याकाजूचा माणूस. एखादी गोष्ट पिकायची आहे म्हटलं की तिला हात न लावणं हेच शहाणपण ठरतं. एका शब्दात मी आईचा डोळा आढीत घालून ठेवला आणि वर गवत पसरलं.

आई “बरा” म्हणाली आणि मागे बसली.

कागद मी रोपवाटिकेतल्या खणात ठेवला, खतांच्या पावत्यांखाली. फाडला नाही. पळपुट्या माणसाची ही एक खोड असते, तो काहीही फाडत नाही. उद्या बघू म्हणून ठेवतो, म्हणजे आपण टाळत नसून थांबलोय असं स्वतःला सांगता येतं. रोज सकाळी खण उघडताना माझी बोटं त्या बाजूला जात नसत. पंधरा दिवसांतले दहा असे गेले आणि अकराव्या दिवशी बायकोने कात्री शोधायला तो खण उघडला.

ती कागद घेऊन जाळीखाली आली. माझ्या हातात कलमाची पट्टी होती.

“तुमी मोती म्हणाल्यात. हयसर काच लिवलासा.”

“दोनय एकच,” मी म्हणालो.

“एकच नाय. माझ्या मावशेक झालेलो.” ती माझ्याकडे बघत उभी राहिली. “आईक कधी नेतलास?”

मी म्हणालो, एकदा देवाला विचारून घेतो.

आमच्याकडे हे कुणालाच विचित्र वाटत नाही. लग्न, घर, विहीर, आजारपण, काहीही असो, देवळात जाऊन कौल घेतात. गुरव पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो, आपलं म्हणणं देवापुढे मांडतो आणि सगळे गप्प उभे राहतात. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देवाला विचारतो म्हटल्यावर घरातलं कुणी पुढे बोलत नाही. बायकोही बोलली नाही. तिला वाटलं मी आईच्या उपचाराला यश मिळेल का ते विचारणार. कुणालाही तेच वाटलं असतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. गुरव वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी कळ्या भिजवल्या, पाषाण पुसला आणि विचारलं, “काय सांगणा आसा?”

“आयेच्या डोळ्याचा. काजूचो हंगाम होयसर थांबला तर चलात काय, इतक्याच इचारा.”

मामांचा हात थांबला. “डॉक्टरान काय सांगल्यान?”

“घाई नाय म्हणाले.”

देवाच्या दारात, गुरवाच्या तोंडावर मी हे बोललो. आवाजसुद्धा हलला नाही. मामांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. ते कमी बोलणारे आहेत, पण चाळीसेक वर्षं लोकांचे प्रश्न ऐकून त्यांचे कान तयार झालेत.

“तू देवाक इचारतंस, काय देवाक सांगतंस?” ते म्हणाले.

“इचारतंय,” मी म्हणालो.

त्यांनी गाऱ्हाणं घातलं. मी हात जोडून उभा होतो आणि माझं लक्ष फक्त उजवीकडच्या कळीवर होतं. बाहेर कुणीतरी घंटा वाजवली. कळी ओली होती, तिला वजन होतं, आणि ती पडली. उजवीच.

मला इतकं हलकं वाटलं की ते सांगायची आज लाज वाटते. परत येताना मी गाडीवर गुणगुणत होतो. वाटेत हॉटेलात थांबून उसळपाव खाल्ला, वर आणखी एक भजीची प्लेट घेतली. आईच्या डोळ्याची सुनावणी पुढे ढकलून आलेला माणूस भजी खात होता.

घरी बायकोने विचारलं, “कौल काय दिल्यान?”

“उजवो.”

“इचारल्यात काय?”

“डोळ्याचाच,” मी म्हणालो आणि पंपाकडे गेलो.

मी देवाला दोष देत नाही. गुरवमामांना तर नाहीच नाही. कौल खोटा नव्हता, प्रश्न खोटा होता. मी असा प्रश्न नेला होता ज्यात होकार पडला तर मी सुटतो, आणि नकार पडला असता तर दुसऱ्या देवळात गेलो असतो. कुणकेश्वरला जाऊन समुद्राकडे बघत बसायचा बेतही मी मनात करून ठेवला होता. पळायला रस्ते कमी नसतात.

काजू आले. त्या वर्षी झाडं भरभरून लागली होती, बोंडांचा वास घरभर होता, आणि आईला कुडाळला न्यायला माझ्याकडे एकही सकाळ नव्हती. मग आंबे आले. मग पावसाच्या आधीची धावपळ, मग कलमांचा मुख्य मोसम. बायकोने मध्ये दोनदा विषय काढला. “मी नेतंय तेंका, एसटीन जातलव,” असंही म्हणाली. मी भडकलो. माझी आई, मी बघीन, देवाने सांगितलंय. हा शेवटचा शब्द असा काही आपटला की ती गप्प झाली. भित्र्या माणसाचा राग फार मोठा असतो, कारण तो भुंकून माणसं लांब ठेवतो.

मे महिन्यात एकदा आई ओसरीवर बसली होती. मी पाणी प्यायला आलो. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “मोती पिकलो काय रे?”

“पिकात गो,” मी हसून म्हणालो.

“बरा,” ती म्हणाली.

त्या काळात आईचं काय बदललं हे मी बघितलं नाही असं म्हणणं खोटं होईल. मी बघितलं. ती दारातून जाताना डाव्या खांद्याला चौकट लागायची. ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायची. सुईत दोरा ओवायला ती माझ्या मुलीला हाक मारू लागली. मी प्रत्येक वेळी बघायचो आणि मला रोपांची आठवण यायची. एकदा तर ती अंगणातल्या पायरीवर अडखळली, मी तिला सावरलं आणि तसाच, तिचा हात सोडून, जाळीखाली निघून गेलो. त्या दिवशी मी दीडशे कलमं बांधली. एवढी एका दिवसात मी कधी बांधली नव्हती.

चतुर्थीला बहीण मुंबईहून आली. धाकटी, पण घरात तिचा शब्द चालतो. पहिल्याच दिवशी आई गणपतीपुढच्या समईत तेल घालायला बसली आणि तेलाची धार समईच्या बाजूला पाटावर पडत राहिली. आई घालतच होती. बहिणीने भांडं हातातून काढून घेतलं. तिने आईचा उजवा डोळा आपल्या तळव्याने झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली.

“आये, बोटां किती?”

“हो काय पोरखेळ सणासुदीचो,” आई म्हणाली.

“बोटां किती, सांग.”

आई काही बोलली नाही. आरतीला जमलेली माणसं बघत होती. मी टाळ घेऊन उभा होतो. टाळ खाली ठेवून मागच्या दाराने बाहेर पडावं असं मला वाटलं, आणि मी पडलोही. आरती सुरू झाली तेव्हा मी विहिरीपाशी उगाच बादली घासत होतो.

पाचव्या दिवशी विसर्जन झालं आणि सहाव्या दिवशी आम्ही चौघं कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे होतो. आई, बहीण, बायको आणि मी. चारचाकी मलाच चालवायची होती, म्हणून पळता आलं नाही. डॉक्टर तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी आईला यंत्रासमोर बसवलं, बराच वेळ बघितलं, मग जुने काही कागद आहेत का विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर बायकोने पिशवीतून तो कागद काढून टेबलावर ठेवला. घडी माझ्याच हातची होती.

डॉक्टरांनी वाचला. “हा जानेवारीचा आहे,” त्या म्हणाल्या. “यात पंधरा दिवसांत या म्हटलंय. आता सप्टेंबर चालू आहे.” मग आमच्या सगळ्यांकडे बघून त्यांनी विचारलं, “मधले आठ महिने काय झालं?”

उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते खोलीतल्या आणखी एकाच माणसाला, माझ्या बायकोला ठाऊक होतं. मला तसं वाटत होतं. माझे कान बंद झाले. दार कुठे आहे ते मी बघितलं.

तेवढ्यात आई बोलली. ती ऑफिसात, दवाखान्यात शुद्ध मराठी बोलते, जपून, एकेक शब्द ठेवल्यासारखी.

“माझीच चूक हो डॉक्टर. तिथल्या बाईंनी मला काचबिंदू म्हणून सांगितलं होतं. मी घाबरले. मुलगा सारखा चल चल म्हणत होता, मीच आले नाही.”

काचबिंदू. तो शब्द तिच्या तोंडून आला. मी तिला मोती सांगितला होता. शिबिरात डॉक्टरांनी तपासतानाच तिला सगळं सांगितलं असणार, हे माझ्या डोक्यात आठ महिन्यांत एकदाही आलं नव्हतं. कागद वाच म्हणून माझ्या हातात दिला तेव्हा तिला कागदात काय आहे ते माहीत होतं. मी काय सांगतो ते तिला बघायचं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, “आजी, मुलाचं ऐकायला हवं होतं. डाव्या डोळ्याची नजर आता परत येणार नाही. उजवा आपण वाचवू, पण थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही लक्ष ठेवा. म्हातारी माणसं टाळतात.”

मी मान हलवली.

एवढंच मी केलं. मान हलवली. आणि त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं. उलटं का होईना, मला ते वाचता आलं. रुग्णाने येण्यास टाळाटाळ केली, असं होतं ते.

परतीच्या वाटेवर बहीण आईवर तोंडसुख घेत होती. किती हट्टी आहेस, दादा बिचारा सांगून सांगून थकला असेल. आई मागे खिडकीशी बसून ऐकून घेत होती. मी गाडी चालवत होतो. पुढे कितीतरी महिने फोनवर, लग्नकार्यात, येणाऱ्याजाणाऱ्याकडून हेच चाललं. आईने ऐकलं नाही, मुलगा चांगला आहे. एका काकूने तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.

बायको घरी आल्यावर चार दिवस कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, “आई खोटा बोलली ता ऐकलंय. तुमी गप रवल्यात ताय ऐकलंय.”

तिच्याच हट्टाने मी पुढे सरकारी दवाखान्यातल्या एका समुपदेशक मुलीकडे जाऊ लागलो. पहिल्या वेळी दारावरून परत आलो, दुसऱ्या वेळी बायको दाराशी स्टूल टाकून बसली. ती मुलगी माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल. मी तिला सगळं सांगितलं नाही, निम्मं सांगितलं, तरी तिला कळलं असावं. मी विचारलं, हे थांबेल का. ती म्हणाली, पळावंसं वाटणं बहुतेक थांबणार नाही. पण पळण्याआधी एक करा. कशापासून जाताय ते मोठ्याने, पूर्ण वाक्यात म्हणा, आणि मग खुशाल जा.

मला हा पोरकटपणा वाटला. पण करून बघितलं. जाळीखाली एकटा उभा राहून मी पिशव्यांना सांगायचो, “आज आईचे थेंब आणायचे आहेत आणि मी त्यापासून पळतोय.” ऐकायला कुणी नसायचं, तरी स्वतःच्या आवाजात ते ऐकलं की पाय उचलायला जड व्हायचा. दर वेळी नाही. निम्म्या वेळा मी वाक्य म्हणायचो आणि तरी जायचो. पण निम्म्या वेळा खाली बसायचो, तळवे गार पडू द्यायचो, आणि दहा-पंधरा मिनिटांत ते आपोआप कोमट व्हायचे. पन्नाशी जवळ आल्यावर मला कळलं की भीती उतरते. मी तिला उतरायला कधी वेळच दिला नव्हता.

आईला दर तीन महिन्यांनी तपासणीला मीच नेऊ लागलो. दर वेळी फाइल उघडायची, दर वेळी ते पहिलं पान वर यायचं. रुग्णाने येण्यास टाळाटाळ केली. सात वेळा मी ते बघितलं आणि सात वेळा छताकडे बघितलं.

आठव्या वेळी, म्हणजे या वर्षीच्या चतुर्थीनंतर, तपासणी झाली. दाब आटोक्यात होता. डॉक्टर खूश होत्या. आई उठून दाराकडे निघाली आणि मी खुर्चीवरच बसून राहिलो. हात बर्फ झाले होते. मी पूर्ण वाक्य म्हणालो.

“डॉक्टर, पहिल्या पानावर जे लिहिलंय ते खरं नाही. आईने टाळलं नव्हतं. कागद माझ्याकडे होता आणि मी तिला आणलं नाही. घाबरून.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावतील असं मला वाटलं होतं, खरं सांगायचं तर तशी इच्छा होती. कुणीतरी एकदाचं झापावं. त्या फक्त “बरं” म्हणाल्या, पहिलं पान उघडलं, ती ओळ खोडली आणि पुढच्या रुग्णाला बोलावण्यासाठी बेल दाबली. बाहेर वीस माणसं बसली होती.

आई दारात थांबून हे ऐकत होती. बाहेरच्या बाकापाशी आल्यावर तिने माझा दंड धरला. घट्ट.

“कित्याक सांगलंस?”

“खरा ता सांगलंय.”

“माझ्या नावार होता ता बरा होता. माका काय फरक पडता? माझा वय झाला. तुका लोकांत रवाचा आसा.”

ती खरोखर चिडली होती. मी तिच्याकडून एक ओझं काढलं असं मला वाटत होतं आणि ती माझ्यावर चिडली होती, तिच्याकडची वस्तू न विचारता उचलून नेल्यासारखी. मी बाकावर बसलो. ती उभीच राहिली. दोन वर्षं मनात असलेला प्रश्न मी विचारला. तो विचारायलाही मला दोन वर्षं लागली, कारण उत्तराची भीती होती.

“आये, तुका पयल्या दिसापासून ठावक होता. ही तुझी सून तुका न्हेतंय म्हणत होती. मगे हिच्यावांगडा कित्याक जावक नाय?”

आईने पदराने उजवा डोळा पुसला. डावा पुसायचं ती हल्ली विसरते. मग माझ्या शेजारी बसली आणि एवढ्या साध्या गोष्टीचं उत्तर द्यावं लागतंय याचंच नवल वाटल्यासारखी म्हणाली,

“तू न्हेतलंस म्हणान रवलंय.”